द्वादशीची ओहोटी

परीक्षा ह्यांची होती, पण त्यांनी पास होणं त्यांच्यापेक्षा मलाच जास्त गरजेचं होतं, हे आधीच कबूल करते.

माझे मिस्टर मानपाड्याकडच्या एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं होते. शेवटची बरीच वर्षं शिफ्ट इनचार्ज. मागच्या वर्षी निवृत्त झाले, शाल-नारळ घेऊन घरी आले आणि मग घरीच राहिले. मी डोंबिवलीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. ती खोली म्हणजे माझा कारखाना. पहिला महिना ह्यांनी झोप काढली, दुसऱ्या महिन्यात पेपर मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिसऱ्या महिन्यात ते माझ्या कारखान्यात शिरले. एक दिवस मी भाजी घेऊन आले, तर प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावलेली. ‘अस्तर बाकी’, ‘हुक बाकी’, इथपर्यंत ठीक होतं. पण एका चांगल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीवर ‘माप संशयास्पद’ असं लिहिलेलं होतं, आणि ती बाई नेमकी त्याच संध्याकाळी ब्लाउज न्यायला आली. ती पुन्हा आली नाही. मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, तर त्यांनी तेही मनाला लावून घेतलं नाही.

रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण मग एक दुपार अशी आली की मला रागावता येईना. सव्वादोन वाजले होते. मी मशीनवर होते. हे आतून बाहेर आले, दाराशी बसून त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उठून उभे राहिले. सेकंड शिफ्टची बस आमच्या कोपऱ्यावर बरोबर त्या वेळेला यायची. दोन मिनिटं ते तसेच उभे होते. मग पुन्हा खाली बसले, नाड्या सोडल्या आणि बूट जागेवर ठेवले. मी मान वर केली नाही. मी बघितलंय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांना ते सहन झालं नसतं. त्या दुपारपासून मला त्यांची खरी काळजी वाटायला लागली.

म्हणून घोडबंदर रोडच्या मागच्या खाडीवर, कांदळवनाच्या राखीव जागेत, लोकांना फिरवून माहिती सांगणारे स्वयंसेवक हवेत असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी ह्यांना न विचारता त्यांचं नाव देऊन टाकलं. आठ शनिवारांचं शिक्षण आणि शेवटी परीक्षा. परीक्षा म्हणजे आपली दहा-बारा माणसं आपण आणायची आणि ती जागा त्यांना फिरवून दाखवायची. शिकवणाऱ्या मॅडम मागे वही घेऊन चालणार. सगळ्यांना काही घेत नाहीत, निम्म्यांना तरी घरी पाठवतात, असं पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. हे सुरुवातीला नाराज होते. ‘आता काय पाखरं मोजायची?’ म्हणाले. पण तिसऱ्या शनिवारी घरी आले ते चिखलाने माखलेली पँट घेऊन, आणि जेवताना आपणहून बोलत होते. कांदळाची झाडं मुळांनी श्वास कशी घेतात, खारं पाणी पानांतून कसं बाहेर टाकतात. भात गार झाला तरी थांबेनात. इतक्या महिन्यांत असं जेवण झालं नव्हतं.

त्या जागेची खरी शान म्हणजे एक दगड. खाडीच्या अगदी कडेला, चिखलात रोवलेला, माणसाच्या छातीएवढा उंच. हजारेक वर्षांपूर्वी ह्या भागावर शिलाहार राजे होते, त्यांच्या काळातला. असल्या दगडाला गधेगळ म्हणतात. राजाने कुणाला जमीन दान दिली की ती कुणी लुबाडू नये म्हणून असा दगड उभा करायचे. वर चंद्र आणि सूर्य, मध्ये लेख, आणि खाली एक चित्र. पूर्वी तो काठावर कोरड्यात असणार. काठ खचत खचत तो पाण्यात आला, आणि आता भरतीला अख्खा बुडतो. पूर्ण बघायचा तर ओहोटीच गाठावी लागते. म्हणून फेरी किती वाजता काढायची हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि हाही परीक्षेचाच भाग होता.

इथे आमच्या घरातला एक जुना वाद सांगायला हवा. मी देशावरची, साताऱ्याकडची. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि ते जागचं हलत नाही. हे राजापूरकडचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मला समुद्रातलं काही कळत नाही, हे मी रोज ऐकत आलेय. मॅडमनी सगळ्यांना भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील तक्ता दिला होता. ह्यांनी तो घडी करून भांड्यांच्या फडताळात घातला.

“छापील कागद बघून भरती सांगायची? आमच्या गावात शेंबडं पोर सांगतं,” असं म्हणून ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. “तिथी घ्यायची. तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ते भरतीचं घड्याळ. त्या शनिवारी माघातली द्वादशी आहे. बारा त्रिक छत्तीस, छत्तीस भागिले चार, नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणजे दुपारी तीनला ओहोटी. झालं!”

“तक्ता एकदा बघून घ्या ना,” मी म्हटलं.

“तू अस्तर बघ,” ते म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस भाषणाची तालीम चालली. माझ्या मशीनसमोर उभं राहून, हातात फूटपट्टी घेऊन. ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’पासून सुरुवात. मला ते इतकं पाठ झालं की मी शिलाई मारता मारता पुढचं वाक्य सांगायचे. एकच जागा त्यांना जड जायची, ती म्हणजे दगडाच्या खालचं चित्र. तिथे आले की त्यांचा घसा बसायचा. ‘खालील भागात एक प्रतीकात्मक शिल्प आहे,’ एवढं म्हणून ते पुढच्या पक्ष्याकडे वळायचे. काय आहे ते मला माहीत होतं, कारण मी मोबाइलवर बघितलं होतं. मॅडमचा मात्र नियम होता की काही लपवायचं नाही, काही गाळायचं नाही.

त्या शनिवारी आमच्या बिल्डिंगची तेरा माणसं मिनीबसमध्ये बसली. सगळी साठीच्या अलीकडची-पलीकडची. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर होते. ते निवृत्त मुख्याध्यापक, आणि समोरचा बोलत असला की त्यांची मान आपोआप नकारार्थी हलते. त्यांच्या शेजारच्या घरातल्या मावशी होत्या. त्यांना गुडघ्याचा त्रास, पण फिरायचं म्हटलं की त्या सगळ्यांच्या आधी तयार. मी आळूवड्या, तिळाच्या वड्या आणि दोन मोठे थर्मास भरून चहा घेतला होता. घोडबंदर रोडला नेहमीप्रमाणे गाड्या जागच्या हलत नव्हत्या. हे पुढच्या सीटवर बसून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि ड्रायव्हरला सांगत होते, “पाणी आपल्यासाठी थांबत नाही हो.”  तरी पावणेतीनला पोचलो.

उंच उंच इमारतींच्या मागे एक गल्ली उतरते, तिच्या टोकाला फाटक, आणि फाटकाच्या आत पाऊल टाकलं की रस्त्याचा आवाज एकदम मागे राहतो. दोन्ही बाजूंना हिरवीगार कांदळं, आणि त्यांच्यामधून फळ्यांची वाट थेट खाडीकडे. चिखलाचा वास नाकात शिरला तसं मी पदराने नाक झाकलं. ह्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “गाव आलं!” मॅडम फाटकाशीच होत्या. आमच्या मुलीच्या वयाची मुलगी, पायात गमबूट, काखेत वही. त्यांनी घड्याळ बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, पण बोलल्या काहीच नाहीत.

पहिली दहा मिनिटं फार छान गेली. हे पुढे, आम्ही मागे. ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ झालं, मुळं झाली, पानावरचं मीठ मावशींनी जिभेने चाखून बघितलं. वाटेच्या टोकाला एक ऐसपैस मचाण आहे, तिथून खाडी दिसते. हे तिथे गेले, हात लांब केला, आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाले, “आणि आता आपल्यासमोर दिसतो आहे तो हजार वर्षांपूर्वीचा गधेगळ!”

समोर पाणी होतं. नुसतं पाणी. या काठापासून त्या काठापर्यंत, संथ, करडं, उन्हात चकाकणारं. एक बगळा उडत गेला.

“कुठे आहे?” मास्तर म्हणाले.

हे कठड्यापाशी गेले. खाली वाकून बघितलं. घड्याळ बघितलं. तीन वाजून दोन मिनिटं. मग बोटांवर मोजायला लागले, बारा त्रिक छत्तीस. मला ऐकू येत होतं. पुन्हा मोजलं. छत्तीसच आलं. मग म्हणाले, “बोट वगैरे गेली असेल. तिच्यामुळे जरा पाणी…” मागे मॅडमचं पेन वहीवर चालल्याचा आवाज आला. मला त्या पेनाचा असा राग आला की काय सांगू.  मास्तरांची मान हलत होती. आणि मला ते दाराशी बसून नाड्या सोडणारे हात डोळ्यांसमोर दिसायला लागले. वाटलं, गेलं सगळं. उद्यापासून हे पुन्हा घरी, आणि ह्या वेळी नापास होऊन.

ह्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि आमच्याकडे वळले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी हिशेब केला, तो कुठेतरी चुकलाय. कुठे ते मला माहीत नाही. तुम्हाला एवढ्या लांब आणलं, माफ करा.”

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ‘माप संशयास्पद’च्या वेळीसुद्धा ते म्हणाले होते की चिठ्ठी बरोबर होती, बाई चुकीच्या वेळी आली.

मचाणाच्या बाजूला, जिथे जमीन जरा उंच आहे तिथे, एक म्हातारी बाई पाटी उलटी घालून तिच्यावर बसली होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात लोखंडी आकडा, शेजारी झाकणाची टोपली. खाडीकाठच्या जुन्या गावातली, चिंबोऱ्या म्हणजे मोठे खेकडे पकडणारी. तिने मघापासून सगळं ऐकलं असणार. हे फळ्यांवरून खाली उतरले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “मावशी, द्वादशीला तीनची ओहोटी ना? मग पाणी का आहे?”

“तीनची दर्याला,” ती म्हणाली. “ही खारी हाय. दर्याशी पानी उतरला म्हंजे हितं लगेच उतरंल काय? त्याला चालत जावा लागतं. आजून येक-दीड तास बस. मी पन बसलंय ना?”

हे पाण्याकडे बघत राहिले. मग एकदम ताडकन उठले. तोंडावर मघाची ती पडलेली कळा नव्हती. फळ्या दणदणवत वर आले.

“अहो, किती मूर्ख आहे मी!” ते आनंदाने ओरडले. “चौतीस वर्षं हेच केलं की! कंपनीत इकडे टाकीशी व्हॉल्व्ह बंद केला तर दूरच्या टोकाला धार लगेच थांबते का? नाही थांबत! मधल्या पाइपातलं निघून जायला वेळ लागतो. नवीन पोरांना मीच ओरडायचो, की थांब, नळ बघ, घाई करू नको. आमचं गाव समुद्राच्या तोंडाशी, तिथे तिथीचं गणित बरोबर. इथे आपण पाइपाच्या ह्या टोकाला आहोत. वसईकडून आत, एवढ्या वळणांनी!” त्यांनी हवेत बोटाने सगळी खाडी काढून दाखवली. “आत्ता समुद्राशी तळ दिसत असेल, आणि इथे अजून पाणी चाललंय. बघा, ते पान बघा कुठे जातंय!”

आम्ही सगळ्यांनी पान बघितलं. एक पिवळं पान खरंच भराभर समुद्राच्या दिशेने चाललं होतं. संथ दिसणारं ते सगळं पाणी चाललं होतं. एवढा वेळ कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ तिथेच संपलं. त्यानंतर पाठ केलेलं एकही वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मी डबे उघडले, चहा ओतला, आणि आम्ही तेरा माणसं मचाणावर फतकल मारून पाणी उतरायची वाट बघत बसलो. नाटकाला लवकर जाऊन जागा धरल्यासारखे. मास्तरांनी कठड्याखालच्या एका खांबावर नजर ठेवली, आणि पाणी किती उतरलं ते दर पाच मिनिटांनी मोठ्याने सांगायचं काम आपणहून घेतलं. हे मध्येच खाली जाऊन त्या बाईंना काहीतरी विचारून येत आणि आम्हाला सांगत. कुठल्या बिळात चिंबोरी असते, कुठल्या बिळात साप. बाईंना दोन आळूवड्या दिल्या, तर त्यांनी एक खाल्ली आणि एक टोपलीत ठेवली.

हळूहळू काठाचा चिखल उघडा पडायला लागला, आणि त्याच्यात जीव हलायला लागले. बोटभर मासे चिखलावरून टुणटुण उड्या मारत होते. त्यांना निवट्या म्हणतात. नखाएवढे खेकडे, त्यांची एकच नांगी मोठी, ती वरखाली हलवून कुणाला तरी बोलावतायत. आमच्या मावशी म्हणाल्या, “हा तर आपला वॉचमन,” आणि सगळे हसले. मग बारके पाणपक्षी आले, धावत धावत चोच खुपसत, आणि लांबवर, त्या काठाला, रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उतरली. ह्यांना एकाही बारक्या पक्ष्याचं नाव धड आठवेना. “थांबा, पुस्तकात बघू,” म्हणाले, आणि सगळ्यांनी पुस्तकात डोकी घातली. मी पदर नाकावरून कधी काढला, मला कळलं नाही.

चार वाजायला आले तेव्हा मास्तर ओरडले, “काहीतरी वर आलंय!”

पाण्यातून एक काळी गोलाई वर आली होती. आम्ही सगळे कठड्याला जाऊन चिकटलो. आधी नुसता माथा दिसला, मग त्याच्यावरची चंद्रकोर, मग शेजारचा सूर्य. पाणी ओघळत होतं आणि ऊन तिरकं पडत होतं, त्यामुळे कोरलेलं सगळं एकदम ठसठशीत दिसलं. 

“चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान टिकेल,” हे हळू आवाजात म्हणाले. “असा त्याचा अर्थ.”

मग इंच इंच करत अक्षरं वर आली. झिजलेली, मला तर नुसते ओरखडे वाटले, पण हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी घेऊन बसून ते कोरलं होतं. बोटं दुखली असतील. दिवसभर शिवून माझी दुखतात तशी. मला उगाच डोळ्यांत पाणी आलं. आम्ही आलो तेव्हाच दगड कोरडा उभा असता, तर मी म्हटलं असतं, छान आहे, आणि चहाचं बघायला गेले असते.

आता उरलं खालचं चित्र. पाणी काही थांबणार नव्हतं. ह्यांचा घसा बसायला लागलेला मला ऐकू आला. पाठीचा एक आकार वर आला, मग चार पाय.

“घोडा आहे,” मास्तर म्हणाले.

“खालील भागात,” ह्यांनी सुरुवात केली, “एक प्रतीकात्मक…” आणि थांबले. मॅडमचं पेन थांबलं. बायका पुढे वाकल्या होत्या. माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी ओठ दाबून धरले. हे त्यांनीच बोलायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“घोडा नाही, गाढव आहे,” हे म्हणाले. “आणि त्याच्या खाली बाई आहे. ही शिवी आहे. आईवरून. जो कोणी ही जमीन लुबाडेल, त्याच्या आईला गाढव लागो, असं राजाने दगडात कोरून ठेवलंय. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र काढलंय.” एका दमात म्हणाले आणि लालबुंद झाले.

 मग आमच्या मावशी खो खो हसत सुटल्या, आणि त्यांच्या मागोमाग सगळं मचाण. मास्तरसुद्धा. हसणं जरा ओसरल्यावर मॅडमनी पहिल्यांदा तोंड उघडलं. वहीतून मान वर करून त्यांनी खालच्या बाईंना विचारलं, “आजी, तुमच्या गावात ह्याला देव मानतात ना?”

“मानतात तं. घोऱ्याचा देव बोलताव,” म्हातारी म्हणाली. “नवी नवरी आयली का पयला नारल त्याला. बाप्ये ववालतात, हात जोरतात.”

“म्हणजे तुम्हा कुणाला माहीतच नव्हतं?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच शाळेत जाणारी. “बायकांना ठाव हाय. सासू सुनेच्या कानात सांगतं. बाप्यांना घोरा सांगतो आमी.” मग तिने आकडा उचलला, लुगडं आणखी वर खोचलं आणि चिखलात उतरता उतरता म्हणाली, “शिवी दिऊन का व्हयना, राखतंय ना खारी?”

ह्यावर आमच्या बायका जे हसल्या ते हसल्या. ह्यांनी खिशातून कागद काढून तिचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं. साडेचार वाजले होते. दगड पायथ्यापर्यंत उघडा होता आणि म्हातारी त्याच्या पलीकडे बिळं शोधत होती. तिथून उठायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ड्रायव्हरचे तीन फोन आले तेव्हा उठलो.

फाटकाजवळ एक छोटं ऑफिस आहे, टेबल आणि चार खुर्च्या. बाकीचे बसकडे गेले, आम्ही दोघं आत. मॅडमनी वही उघडली. ह्यांनी हात पाठीमागे धरले होते, शिफ्टला साहेब आले की धरायचे तसे. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

“काका, तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हाच मला माहीत होतं की वेळ चुकलीय,” त्या म्हणाल्या. “मी मुद्दाम गप्प बसले. तुम्ही काय करता ते मला बघायचं होतं. पुढच्या वेळी वेळ कशी ठरवाल?”

 “तिथी काढीन,” हे म्हणाले. “तुमचा तक्ता बघीन. आणि आदल्या दिवशी त्या चिंबोरीवाल्या मावशींना विचारीन. तिन्ही जुळली तर निघीन. नाही जुळली तर मावशी सांगतील ते.”

मॅडम हसल्या. “आम्ही आजवर लोकांना दगड कोरडा झाल्यावर आणत होतो,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात कॉलेजची मुलं येणार आहेत. त्यांना दीड तास आधीच आणू या. ती फेरी तुम्ही घ्याल का?”

 ह्यांनी मान हलवली, दोनदा, तीनदा. माझा जीव भांड्यात पडला. मला त्या वेळी इतका आनंद झाला होता की त्या पोरीला मी कडकडून मिठीच मारली असती, पण तिच्या अंगावर सगळा चिखल होता.

मॅडमनी एक फॉर्म पुढे केला. ओळखपत्र करायचं होतं त्यासाठी. हे खुर्चीवर बसले, चष्मा लावला, आणि कंपनीत लिहायचे तशा सुट्या, रेखीव अक्षरांत लिहायला लागले. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. वय लिहिलं. त्यापुढे ‘व्यवसाय’ असं छापलेलं होतं. तिथे पेन टेकलं आणि थांबलं.  मग त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.

“काय लिहू गं?”

मी आवाज साधाच ठेवला. ‘मिस्टर कुठे असतात?’ असं शेजारणींनी विचारलं की ‘कंपनीत असतात’ म्हणायचे, तसंच सांगितलं.

“लिहा,” मी म्हटलं, “खाडीवर असतो.”

आणि त्यांनी तसंच लिहिलं.